तडजोड सद्भावनेची आहे का, हे न्यायालय कोणासाठी तपासते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले तुमचे वडील सांता क्लारा काउंटीतल्या एका शहरात तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन झेब्रा क्रॉसिंगवरून जात असताना त्यांना एका मोटारीची धडक बसली. वडिलांचे खुब्याचे हाड मोडले, मुलाला किरकोळ दुखापत झाली. चालकाबरोबर शहरावरही दावा आहे, कारण रस्त्याकडेच्या झाडामुळे वळणावरून पादचारी दिसत नव्हते आणि क्रॉसिंगचे पट्टे पुसट झाले होते. चालकाच्या विमा कंपनीने वडिलांसाठी पॉलिसीची पूर्ण मर्यादा, म्हणजे ३०,००० डॉलर, देऊ केली, तुम्ही ती मान्य केली, आणि आता शहराच्या वकिलांनी हरकत घेतली आहे की ही तडजोड सद्भावनेने झालेली नाही. देणारा राजी, घेणारा राजी, मग तिसऱ्याने मध्ये का पडावे, न्यायालय नेमके काय तपासते, रक्कम कमी वाटली तर ते वाढवून देईल का, आणि या सुनावणीसाठी वडिलांना पुन्हा यावे लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

शेवटचा प्रश्न सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते: वडिलांना यावे लागणार नाही. तडजोड सद्भावनेची ठरवावी, असा अर्ज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या प्रतिज्ञापत्रांवरच निकाली निघतो. तोंडी पुरावा घेण्याची मुभा न्यायाधीशांना असते, पण ती क्वचितच वापरली जाते, आणि बऱ्याच काउंटींत आदल्या दिवशी दुपारीच तात्पुरता निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर लागतो व प्रत्यक्ष सुनावणीत त्यावर थोडा युक्तिवाद होतो, इतकेच. बाकीच्या प्रश्नांच्या मुळाशी मात्र एक गैरसमज आहे. ही सुनावणी तुमच्या वडिलांच्या हितासाठी नाही. त्यांना पुरेसे पैसे मिळाले की नाही हे न्यायालय पाहत नाही. या तडजोडीमुळे खटल्यात मागे उरणाऱ्या प्रतिवादीवर, म्हणजे शहरावर, अन्याय होतो का, एवढेच ते पाहते. त्यामुळे न्यायाधीश रक्कम वाढवून देणार नाहीत. ते तडजोड मान्य करतील किंवा अमान्य करतील. ३०,००० डॉलर घ्यावेत की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा आणि तुमच्या वकिलांचा आहे, आणि तो न्यायालयाच्या मान्यतेवर सोपवण्यासारखा नाही.

मी कॅलिफोर्नियात अपघातांच्या दाव्यांत वादींच्या बाजूने काम करते. त्याआधी काही वर्षे विमा कंपन्यांच्या बाजूने हेच अर्ज लिहीत होते. तुमची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढचे विवेचन तीन गोष्टींवर अवलंबून आहे असे धरून वाचावे: चालकाकडे विम्याखेरीज खरोखर काही मालमत्ता आहे का, धडक बसली तेव्हा तो कोणाच्या कामावर होता का, आणि शहराविरुद्धची तुमची बाजू किती भक्कम आहे. यातले एक उत्तर बदलले तरी माझा सल्ला बदलेल. शहरासारख्या सार्वजनिक संस्थेकडे सहा महिन्यांच्या आत रीतसर मागणी दाखल करावी लागते. ती वेळेत झाली आहे असे मी गृहीत धरते, कारण ती झाली नसेल तर शहराविरुद्धचा दावा बहुधा तिथेच संपतो.

ही पद्धत का आली हे समजले की शहराची हरकत कोड्यासारखी वाटणार नाही. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८७७ हे १९५७ चे आहे. एकाच अपकृत्यासाठी जबाबदार धरलेल्या अनेकांपैकी एकाशी वादीने निकालापूर्वी सद्भावनेने तडजोड केली, तर बाकीच्यांवरचा दावा कायम राहतो, मात्र मिळालेल्या रकमेइतका तो कमी होतो, आणि तडजोड करणारा इतरांना वाटा देण्याच्या दायित्वातून सुटतो, अशी त्यातली योजना आहे. पुढे १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषाच्या प्रमाणात भरपाई हे तत्त्व स्वीकारले आणि १९७८ मध्ये अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनच्या प्रकरणात असे ठरवले की वादी कोणाही एका प्रतिवादीकडून पूर्ण भरपाई घेऊ शकतो, पण ज्याने आपल्या दोषापेक्षा जास्त भरले तो इतर दोषींकडून ते प्रमाणात वसूल करू शकतो. हे न्याय्यच होते, परंतु त्यातून नवी अडचण उभी राहिली. आज वादीला पैसे देऊन मोकळा झालेला प्रतिवादी उद्या सहप्रतिवादीच्या वसुलीच्या दाव्यात पुन्हा ओढला जाणार असेल, तर तो तडजोड करील कशाला? म्हणून १९८० मध्ये कलम ८७७.६ आले. न्यायालयाने तडजोड सद्भावनेची ठरवली की सहप्रतिवादींचा प्रमाणशीर वसुलीचा मार्ग कायमचा बंद होतो. चालकाची विमा कंपनी ३०,००० डॉलर देऊन हीच निश्चिंती विकत घेत आहे, आणि तिची किंमत शहराला मोजावी लागणार आहे.

किती मोजावी लागेल ते आकड्यांनी पाहू. समजा, ज्युरीने एकूण नुकसान ४,००,००० डॉलर ठरवले, त्यातले १,००,००० आर्थिक, म्हणजे उपचारांचा खर्च वगैरे, आणि ३,००,००० वेदना, त्रास अशा बिगर-आर्थिक स्वरूपाचे. दोष चालकाचा ७० टक्के आणि शहराचा ३० टक्के ठरला. १९८६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ५१ नुसार बिगर-आर्थिक नुकसानीत प्रत्येक प्रतिवादी फक्त आपल्या टक्क्यापुरता जबाबदार असतो, म्हणजे शहराचे ९०,००० डॉलर. आर्थिक नुकसानीचे तसे नाही. तिथे जबाबदारी अजूनही संयुक्त आहे, त्यामुळे संपूर्ण १,००,००० डॉलर शहराकडून वसूल करता येतात. आता तडजोडीची वजावट. ३०,००० पैकी किती वजा करायचे? अपील न्यायालयाने १९९२ मध्ये एस्पिनोझा प्रकरणात घालून दिलेल्या रीतीप्रमाणे निकालात आर्थिक नुकसानीचे जे प्रमाण असेल, तेवढाच तडजोडीचा भाग वजा होतो. इथे ते प्रमाण २५ टक्के आहे, म्हणजे वजावट ७,५०० डॉलर. शहराचे आर्थिक देणे राहिले ९२,५००, आणि सारे मिळून १,८२,५००. वडिलांच्या हातात तडजोडीसह २,१२,५०० डॉलर येतात. चालकाच्या वाट्याच्या बिगर-आर्थिक नुकसानीचा मोठा भाग बुडतो.

शहराच्या वकिलांची नजर या ९२,५०० वर आहे. दोषाच्या प्रमाणात आर्थिक नुकसानीतला शहराचा वाटा ३०,००० भरतो. त्यावरचे ६२,५०० डॉलर ते खरे तर चालकाच्या वाट्याचे भरणार. सद्भावनेचा आदेश झाला नाही तर ते चालकाच्या मागे लागू शकतात, झाला तर नाही. म्हणून ही हरकत. तिच्यात तुमच्याविषयी आकस शोधू नका. त्यांच्या जागी मी असते तर मीही ती घेतली असती.

एक सावधगिरी इथेच सांगते. या हिशेबात बिलाचा आकडा घालू नका. रुग्णालयाने २,००,००० चे बिल काढले आणि प्रवासी विम्याने करारातल्या सवलतीच्या दराने ६०,००० भरून ते चुकते झाले असेल, तर २०११ च्या हॉवेल निकालानंतर झालेल्या उपचारांचे नुकसान ६०,००० पेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याने काही भागच भरला आणि बाकी अजून अंगावर असेल तर मात्र वाजवी मूल्य काय यावर तज्ज्ञांचा वाद होतो. प्रवासी विम्याच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार आढळतात.

आता कसोटीकडे येते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक-बिल्ट विरुद्ध वुडवर्ड-क्लाइड या प्रकरणात सद्भावना म्हणजे काय ते सांगितले, आणि आजही प्रत्येक अर्ज त्याच निकालाभोवती फिरतो. त्या खटल्यात वादींनी एका प्रतिवादीला काहीही न घेता, केवळ कोर्टखर्चाची मागणी सोडण्याच्या बदल्यात, मोकळे केले होते. वादी आणि तो प्रतिवादी यांच्यात लबाडी नव्हती, तरीही न्यायालयाने ही तडजोड सद्भावनेची मानली नाही, कारण उरलेल्यांना वजावटीसाठी एक पैसाही मिळत नव्हता. म्हणजे मन शुद्ध असणे पुरेसे नाही. रक्कमही दोषाच्या काहीशी जवळ जाणारी हवी. वादीला एकूण किती मिळू शकेल आणि त्यात तडजोड करणाऱ्याचा वाटा किती याचा ढोबळ अंदाज, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, अनेक वादी असल्यास तिची वाटणी, खटला हरल्यावर द्यावे लागेल त्यापेक्षा तडजोडीत कमीच दिले जाते याची जाणीव, तडजोड करणाऱ्याची आर्थिक स्थिती व विम्याची मर्यादा, आणि इतर प्रतिवादींना बुडवण्यासाठी संगनमत झाले का, या गोष्टी पाहायच्या. त्याही तडजोडीच्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरून, पुढे कळलेल्या गोष्टींवरून नव्हे. निकालात बेसबॉलच्या मैदानाची उपमा आहे: चेंडू मैदानाच्या पार बाहेर गेला आहे, असे हरकत घेणाऱ्याने दाखवायचे. सिद्धतेचा भार त्याच्यावर आहे.

वरच्या उदाहरणात चालकाचा वाटा २,८०,००० डॉलर आणि त्याने दिले ३०,०००, म्हणजे जेमतेम ११ टक्के. नुसत्या त्रैराशिकाने पाहिले तर शहराची हरकत बिनतोड वाटते. पण चालक भाड्याच्या घरात राहत असेल, पगारावर भागवत असेल, आणि ३०,००० हीच त्याच्या पॉलिसीची मर्यादा असेल, तर माझ्या अनुभवात न्यायाधीश अशी तडजोड मान्य करतात. ज्याच्याकडे नाहीच त्याच्याकडून शहर तरी काय वसूल करणार होते? भारतातून आलेल्या मंडळींना हे पचायला जड जाते, कारण तिकडे थर्ड पार्टी विम्यात शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसण्याची सवय असते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम विमा कंपनीने भरायची, हेच आपण पाहिलेले असते. इथे विमा मर्यादेपाशी थांबतो. कॅलिफोर्नियातली किमान मर्यादा २०२४ च्या अखेरपर्यंत एका व्यक्तीमागे अवघी १५,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती एका व्यक्तीला ३०,००० आणि एका अपघाताला ६०,००० झाली. तुमच्या चालकाची पॉलिसी किमान मर्यादेचीच दिसते.

म्हणून या सुनावणीत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे चालकाचे प्रतिज्ञापत्र. विमा कंपनीचे वकील पुष्कळदा दोन ओळींत उरकतात: 'माझ्याकडे उल्लेखनीय मालमत्ता नाही.' हरकत नसेल तर असा त्रोटक अर्ज चालतो, आणि तसे चालावे हे अपील न्यायालयाने १९८७ मध्येच मान्य केले आहे. पण हरकत आली की दोन ओळी पुरत नाहीत. त्याच्या नावावर घर आहे का, बँकेत काय आहे, दुसरी पॉलिसी किंवा अंब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ मर्यादेच्या वरचा जादा विमा, आहे का, मोटार कोणाच्या मालकीची होती, आणि त्या क्षणी तो कामावर होता का, हे एकेक करून शपथेवर यायला हवे, आणि पॉलिसीचा मर्यादा दाखवणारा अधिकृत उतारा सोबत हवा. कामाचा मुद्दा मी मुद्दाम सांगते. चालक पिझ्झा पोचवत असेल तर त्याचा मालक जबाबदार ठरू शकतो; ॲपवरून प्रवासी स्वीकारून निघालेला असेल तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार दहा लाख डॉलरचे दायित्व विमासंरक्षण लागू होते. तसे निघाले तर ३०,००० ला सही करणे हे केवळ न्यायालयाच्या दृष्टीने नव्हे, तुमच्याच दृष्टीने अनर्थाचे ठरेल. शहराने या मुद्द्यांवर चौकशी करण्यासाठी मुदत मागितली तर न्यायाधीश ती बऱ्याचदा देतात, आणि अशा मुदतीला तुम्ही फार विरोध करू नये असे माझे मत आहे. त्या चौकशीतून जे बाहेर येईल ते तुम्हालाही हवेच आहे.

शहराने नुसते 'रक्कम फार कमी आहे' असे म्हणून भागत नाही. त्याने चालकाचा दोष किती, एकूण नुकसान किती, याबाबत पुरावा द्यायला हवा, सहसा अपघात-विश्लेषण करणाऱ्या तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र. इथे त्यांची पंचाईत होते. चालकाचा दोष ९० टक्के आणि नुकसान पाच लाखांचे असे ते आज शपथेवर म्हणाले, तर नुकसानीचा तो आकडा पुढे वाटाघाटीत त्यांच्याच तोंडावर येतो. मुदतीचेही पाहा. नोटीस देऊन सुनावणी मागितली असेल तर सुनावणीच्या १६ न्यायालयीन दिवस आधी अर्ज आणि ९ न्यायालयीन दिवस आधी विरोध दाखल व्हावा लागतो. सुनावणीविना मान्यतेचा अर्ज टपालाने पाठवला असेल तर पाठवल्यापासून २५ दिवसांत, हातोहात बजावला असेल तर २० दिवसांत हरकतीची नोटीस दाखल झाली पाहिजे. शहराची हरकत मुदतीत आली का, हे तुमच्या वकिलांनी पाहिलेच असेल, तरी एकदा विचारा.

माझ्या मते हरकतीपेक्षा मोठा धोका मुक्तिपत्राच्या मजकुरात आहे. विमा कंपनीचा छापील नमुना बहुधा असा असतो की, वादी हे अमुक चालकाला 'आणि इतर सर्व व्यक्ती, संस्था व महामंडळे यांना' या अपघातातून उद्भवणाऱ्या सर्व दायित्वांतून मुक्त करीत आहेत. कलम ८७७ प्रमाणे एकाला मुक्त केल्याने बाकीचे मुक्त होत नाहीत, परंतु 'कागदात तसे लिहिले नसेल तर' ही अट त्यातच आहे. 'इतर सर्व व्यक्ती' या दोन-तीन शब्दांवर बोट ठेवून शहर म्हणेल की आम्हीही सुटलो. तुमचा तसा हेतू नव्हता हे सिद्ध करता येईलही, पण ते एक स्वतंत्र युद्ध होईल. ते शब्द खोडून घ्या आणि शहराविरुद्धचा दावा राखून ठेवला आहे असे स्पष्ट वाक्य घाला. याच कागदात आणखी एक मोह असतो: ३०,००० पैकी सारी रक्कम वेदना व त्रासापोटी आहे असे परस्पर लिहून टाकायचे, म्हणजे वजावट शून्य. शहराला न विचारता केलेल्या अशा वाटणीला न्यायाधीश सहसा किंमत देत नाहीत, उलट सगळ्याच तडजोडीकडे संशयाने पाहू लागतात. चालकाशी आणखी काही आतले ठरले असेल, उदाहरणार्थ त्याने साक्षीला उपलब्ध राहायचे, तर ते अर्जात उघड करा. खरी साक्ष देण्याचे वचन घेण्यात गैर काही नाही; साक्ष काय असावी हे ठरवून घेणे म्हणजे मात्र संगनमत.

साक्षीचा विषय निघालाच आहे तर सांगते की चालकाची जबानी, म्हणजे डिपॉझिशन, अजून झाली नसेल तर खटल्यातून त्याला मोकळे करण्याआधी ती उरकून घ्या. तो गेल्यावर शहर ज्युरीपुढे रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवणार, हे निश्चित समजा. गैरहजर व्यक्तीवरही दोषाचा टक्का टाकता येतो, आणि बिगर-आर्थिक नुकसानीत चालकाकडे गेलेला प्रत्येक टक्का तुमच्या वडिलांच्या खिशातून जातो. वरच्या उदाहरणात एकेक टक्का ३,००० डॉलरचा आहे. तो आत्ता पक्षकार आहे, त्याचा वकील आहे, नोटीस दिली की त्याला यावे लागते. नंतर त्याला शोधून समन्स बजावत बसावे लागेल. वळणावर झाड आडवे आल्याने पादचारी दिसलेच नाहीत, असे तो शपथेवर सांगणार असेल तर शहराविरुद्ध तुमच्याकडे त्याहून चांगला साक्षीदार नाही.

तुमच्या स्वतःच्या मोटार-पॉलिसीत अपुऱ्या विम्यासाठीचे संरक्षण आहे का तेही पाहा. एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकांना ते पायी चालतानाही लागू होते, पण सहा महिन्यांसाठी आलेले वडील 'घरातले रहिवासी' ठरतात का हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि विमा कंपनी तो सहजासहजी मान्य करणार नाही. लागू झाले तर चालकाची मर्यादा पूर्ण संपल्याचा पुरावा आधी द्यावा लागतो, आणि मिळालेली रक्कम तुमच्या मर्यादेतून वजा होते. मर्यादा १,००,००० असेल तर जास्तीत जास्त ७०,०००. पूर्ण ३०,००० घेण्याचा आग्रह धरावा तो यासाठीही. अठ्ठावीस हजारांवर प्रकरण मिटवले तर मर्यादा संपली नाही असे म्हणून तुमचीच कंपनी हात वर करू शकते.

मुलाची बाब वेगळी आहे. त्याच्या दुखापतीसाठी त्याच पॉलिसीतून काही छोटी रक्कम मिळणार असेल तर तिला निराळी मान्यता लागते, आणि तिथे न्यायालय खरोखरच मुलाचे हित पाहते: रक्कम वाजवी आहे का, वकिलाची फी किती, पैसे कुठे ठेवायचे. बहुधा ते मूल १८ वर्षांचे होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढता येणार नाहीत अशा खात्यात जातात. महाराष्ट्रात ज्यांनी सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) वाचले आहे किंवा अज्ञानाच्या दाव्यात तडजोडीसाठी दिवाणी न्यायालयाची परवानगी घेतली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आदेश ३२, नियम ७ मध्ये तीच तरतूद आहे. तुमच्या प्रश्नात या दोन मान्यता एकमेकींत मिसळल्या आहेत असे मला वाटते, कारण 'न्यायालय जास्त मिळवून देईल का' ही अपेक्षा मुलाच्या बाबतीत काही अंशी तरी योग्य आहे. वडील आणि मूल यांच्यातली वाटणी शहरही पाहणार, म्हणून ती दुखापतीच्या मानाने असू द्या.

रुग्णालयाचे आणि प्रवासी विम्याचे देणे सद्भावनेच्या आदेशाने मिटत नाही. रुग्णालयाच्या वैधानिक लीनला, म्हणजे भरपाईच्या रकमेवरील कायदेशीर हक्काला, तडजोडीच्या रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे आणि वाटाघाटीने ते आणखी खाली येऊ शकते. ही बोलणी धनादेश येण्याआधी सुरू करावीत.

न्यायालयाने मान्यता दिली तरी दुसऱ्या दिवशी पैसे येतील असे धरू नका. आदेशाची लेखी नोटीस बजावल्यापासून २० दिवसांत शहर अपील न्यायालयाकडे रिट मागू शकते आणि खालचे न्यायालय आणखी २० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते; विमा कंपन्या ही मुदत उलटेपर्यंत थांबणे पसंत करतात. मान्यता नाकारली गेली तर काय, हे तुमच्या करारावर आहे. पैसे देणे सद्भावनेच्या आदेशावर अवलंबून ठेवले असेल, आणि बहुतेक करारांत तसे असतेच, तर तडजोड कोसळते आणि चालक खटल्यात परत येतो. नकार मालमत्तेच्या तपशिलाअभावी आला असेल तर पुरेशा प्रतिज्ञापत्रासह पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग बऱ्याचदा खुला असतो. चालकाच्या नावावर घर निघाल्यामुळे आला असेल तर मात्र त्या नकाराने तुमचे भलेच झाले असे समजून नव्या रकमेची बोलणी करा.

राहता राहिला वडिलांच्या सहीचा प्रश्न. मुक्तिपत्र नाशिकला पाठवून सही घेता येते. त्यांचे एखादे प्रतिज्ञापत्र न्यायालयात द्यायचे झाले तर त्यासाठी नोटरी किंवा वाणिज्य दूतावासाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, पण त्यात तारीख हवी आणि खोटे ठरल्यास 'कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार' शपथभंगाच्या शिक्षेस पात्र राहीन, हे शब्द हवेतच. ओहायोत सही झालेल्या एका प्रतिज्ञापत्रात हे शब्द नव्हते, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते पुराव्यात धरता येत नाही असे ठरवले. वडिलांना इंग्रजी वाचण्याची सवय नसेल तर मजकूर त्यांना मराठीत समजावून सांगणाऱ्या व्यक्तीचेही छोटे प्रतिज्ञापत्र जोडा, आणि ती व्यक्ती शक्यतो तुम्ही स्वतः असू नये, कारण मुलाचे पालक म्हणून याच दाव्याशी तुमचा संबंध आहे.